दुसरा भाग ऐकणारा श्रोता : मराठी पॉडकास्ट वाढवताना

पॉडकास्ट सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात दिसणारे आकडे बहुतेक ओळखीपाळखीच्या लोकांचे असतात. भाऊ, वहिनी, ऑफिसातले चार जण, कॉलेजचा ग्रुप. सगळे पहिला भाग लावतात, 'मस्त झालाय' म्हणून अंगठा देतात आणि आपापल्या कामाला लागतात. त्यात वाईट काही नाही, पण त्या आकड्यावरून श्रोतावर्ग मोजायला गेलं की फसगत होते. खरा श्रोता तो, जो तुम्हाला ओळखत नाही आणि तरीही तुमचा दुसरा भाग आपणहून लावतो.

पदरच्या पैशांनी, एकट्याने किंवा दोघा-तिघांनी पॉडकास्ट करणाऱ्यांनी पहिलं वर्षभर एकाच प्रश्नावर डोकं लावावं असं माझं ठाम मत आहे : एक भाग ऐकलेला माणूस दुसऱ्या भागापर्यंत कसा पोचेल? विषय कोणता घ्यायचा, शीर्षक काय द्यायचं, पहिल्या मिनिटात काय बोलायचं, व्हॉट्सॲपवर काय टाकायचं, ही सगळी उत्तरं त्यातूनच निघतात.

बोलणं हवेत राहू नये म्हणून एक उदाहरण धरू. समजा तुम्हाला सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या कारभारावर, म्हणजे आपल्या भाषेत 'सोसायटी'वर, पॉडकास्ट करायचा आहे.

विषय अरुंद हवा, पण खोल

'सामान्य माणसासाठी कायदा' हा विषय ऐकायला मोठा वाटतो, पण त्यात दुसरा भाग नसतो. पहिला भाग चेक बाउन्सवर, दुसरा मृत्युपत्रावर, तिसरा ग्राहक मंचावर. चेक बाउन्ससाठी आलेल्या माणसाला मृत्युपत्राशी आज काही देणंघेणं नसतं. याउलट 'नुकत्याच कमिटीवर निवडून आलेल्या सेक्रेटरीसाठी' असं ठरवलं, की तोच माणूस या आठवड्यात थकबाकीदारांसाठी येतो, पुढच्या आठवड्यात वरच्या मजल्यावरून होणाऱ्या गळतीसाठी, मग पार्किंगसाठी, मग ऑडिटसाठी. त्याच्या अडचणी एकामागून एक येतच राहतात आणि तुमचे भाग त्याच क्रमाने तयार ठेवता येतात.

रेकॉर्डिंगच्या आधी एक परीक्षा घ्या. एकाच माणसाचे चाळीस प्रश्न कागदावर लिहून काढा, त्याने विचारले असते त्याच शब्दांत. 'सिंकिंग फंडाचे महत्त्व' (मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेला निधी) असं नको. 'सिंकिंग फंड बांधकाम खर्चाच्या किती टक्के घ्यायचा आणि तो रंगकामाला वापरता येतो का?' असं. पंधरा-वीस प्रश्नांवर हात थांबला तर विषय उथळ आहे किंवा तुम्हाला अजून तो पुरता माहीत नाही. चाळीस झाले तर पंधरा दिवसांना एक भाग या हिशेबाने दीड वर्षाची बेगमी झाली.

प्रश्न सुचत नसतील तर यूट्यूबच्या शोधखिडकीत, लॉगिन न करता, 'सोसायटी मेंटेनन्स' लिहा आणि पुढे एकेक अक्षर वाढवत जा : क, ग, न, प. खाली उघडणाऱ्या सूचना म्हणजे लोकांनी खरोखर टाइप केलेले प्रश्न. मग तेच रोमन लिपीत करा. यादी वेगळी येते, आणि बऱ्याच विषयांत ती अधिक लांब असते, कारण मराठी बोलणारे असंख्य लोक शोधताना मात्र रोमन कीबोर्डच वापरतात.

विषयाला ऋतू असेल तर सोन्याहून पिवळं. सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते आणि आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे) तिची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी निघायला हवी. म्हणजे सेक्रेटरीची धावपळ ऑगस्टमध्येच सुरू होते. या सभेवरचे, म्हणजे एजीएमवरचे, तीन भाग जुलैअखेरपर्यंत तयार असले पाहिजेत आणि ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात बाहेर पडले पाहिजेत. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात टाकलेला उत्तम भागसुद्धा सभा उरकल्यावर पोचतो. द्राक्षबागेवर पॉडकास्ट असेल तर छाटणीच्या आधी, दहावीनंतरच्या प्रवेशांवर असेल तर निकालाच्या आधी, हाच हिशेब.

शीर्षक आणि लिपी

'भाग १२ : गप्पा सोसायटीच्या, खास पाहुण्यांसोबत' या शीर्षकात शोधण्याजोगा एकही शब्द नाही. त्याऐवजी 'फ्लॅट भाड्याने दिला तर सोसायटी किती जादा पैसे घेऊ शकते?' असा थेट प्रश्न ठेवा. भागाचा क्रमांक शीर्षकात घालायची गरज नसते, फीडमध्ये, म्हणजे ॲप्सना तुमच्या भागांची यादी पुरवणाऱ्या फाइलमध्ये, त्याची वेगळी जागा असते. पाहुण्याचं नाव फार प्रसिद्ध असेल तरच पुढे, नाहीतर वर्णनात.

यूट्यूबवर शीर्षकाला १०० अक्षरांची मर्यादा आहे, पण तिथे काना, मात्रा, वेलांटीही स्वतंत्र मोजली जाते. 'किती' हा शब्द आपल्याला दोन अक्षरांचा वाटतो, यंत्राला तो चार. म्हणून देवनागरी शीर्षक अंदाजापेक्षा लवकर भरतं. मोबाइलवर तर त्यातला पुढचा तुकडाच दिसतो, तेव्हा नेमका शब्द सुरुवातीच्या चार-पाच शब्दांत आला पाहिजे.

रोमन लिपीतून शोधणाऱ्यांची सोय वर्णनात करावी. पहिल्या दोन ओळी मराठीत, आणि त्याखाली त्याच प्रश्नाचं एक सरळ वाक्य रोमन लिपीत, लोक जसं टाइप करतात तसं. कार्यक्रमाच्या मुख्य नावात मात्र शोधशब्दांची भरताड करू नका. ॲपल त्या कारणाने कार्यक्रम नाकारू शकतं. फीडमध्ये भाषा 'मराठी' निवडली आहे ना, हेही पाहा. बऱ्याच होस्टिंग सेवांमध्ये (जिथे तुमच्या फाइली ठेवल्या जातात) ती आपोआप इंग्रजी असते आणि कुणाचं लक्ष जात नाही.

दोन खास आपल्या लिपीच्या अडचणी. पहिली, जुन्या श्रीलिपी किंवा कृतीदेव पद्धतीच्या फाँटमध्ये लिहिलेला मजकूर वर्णनात चिकटवला की त्याचा निव्वळ चिखल होतो. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. दुसरी जास्त लपलेली आहे. 'दुसऱ्या', 'बऱ्याच' यांतला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो : कुणाचा कीबोर्ड नुक्त्याचा र वापरतो, कुणाचा साधा र आणि पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण अक्षरशः जुळवून पाहणाऱ्या शोधयंत्रणेला ते दोन निरनिराळे शब्द. म्हणून शीर्षकाचा महत्त्वाचा शब्द शक्यतो असा नसावा, आणि असलाच तर वर्णनात त्याचं दुसरं रूपही येऊ द्यावं.

मुखपृष्ठाचं चित्र चौरस, ३००० बाय ३००० पिक्सेल. ॲपलला किमान १४०० लागतात. काम झाल्यावर ते फोनवर अंगठ्याच्या नखाएवढं करून पाहा. देवनागरीत वर मात्रा आणि खाली उकार असल्यामुळे ओळीला जास्त उंची लागते. चार शब्दांच्या वर गेलात की जोडाक्षरांचा गुंता दिसतो. मुक्त परवान्याचे 'मुक्ता' आणि 'बालू' हे फाँट लहान आकारातही नीट वाचता येतात.

पहिलं मिनिट

श्रोते सर्वांत जास्त इथे गळतात, आणि मराठी कार्यक्रमांत तर हमखास. आपल्याकडे सूत्रसंचालनाची परंपरा मोठी. नमस्कार, स्वागत, प्रस्तावना, पाहुण्यांचा परिचय, त्यांनी वेळ काढला म्हणून आभार. सभागृहात हे शोभतं, कारण माणूस खुर्चीत बसलेला असतो. कानात इअरफोन घालून लोकलच्या दारात उभ्या असलेल्या माणसाचा अंगठा बटणावर असतो.

नेहमीची सुरुवात अशी असते : पंचवीस सेकंद धून, मग 'नमस्कार मंडळी, कसे आहात सगळे? पुन्हा एकदा तुमचं मनःपूर्वक स्वागत. आजचा विषय अत्यंत महत्त्वाचा आहे. त्याआधी आपलं चॅनल सबस्क्राइब करायला विसरू नका.' मग पाहुण्यांच्या पदव्या. मुद्दा तिसऱ्या मिनिटाला.

त्याऐवजी हे ऐका : 'ठाण्यातला फ्लॅट तुम्ही भाड्याने दिलाय आणि या महिन्याच्या बिलात सोसायटीने नॉन-ऑक्युपन्सीचे, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून, पाचशे रुपये लावलेत. तुमचं सेवाशुल्क दोन हजार असेल, तर हे चूक आहे. दोनशेच्या वर घेता येत नाहीत. हे कुठल्या आदेशात लिहिलंय ते सांगतो, आणि कमिटीला द्यायच्या पत्रात काय लिहायचं तेही.' यानंतर पाच सेकंदांची धून, मग एका वाक्यात कार्यक्रमाचं नाव, आणि लगेच १ ऑगस्ट २००१ चा शासनाचा आदेश : सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच, आणि पालिकेचे कर त्या सेवाशुल्कात धरायचे नाहीत.

उत्तर आधीच दिलं तर लोक निघून जातील, अशी भीती असते. काही जातातही. पण ज्याचं काम वीस सेकंदांत झालं तो तुमचं नाव लक्षात ठेवतो आणि पुढची अडचण आली की परत येतो. ज्याला कमिटीशी भांडायचं आहे तो आदेशाचा तपशील आणि पत्राचा मसुदा ऐकायला शेवटपर्यंत थांबतो. तीन मिनिटं ताटकळलेला माणूस मात्र परत येत नाही.

शेवटचं अर्धं मिनिटही तितकंच मोलाचं. बहुतेक जण तिथे लाइक, शेअर, सबस्क्राइब, रेटिंग, कमेंट अशा पाच विनंत्या एका दमात करतात आणि ऐकणारा एकही करत नाही. ॲपलवर रेटिंग द्या, हे तर महाराष्ट्रात सांगून उपयोगच थोडा, कारण बहुतेकांच्या हातात अँड्रॉइड आहे. एकच काम सांगा, आणि ते म्हणजे पुढचा भाग : 'भाडेकरूने मेंटेनन्स थकवला तर सोसायटी कुणाच्या मागे लागणार, मालकाच्या की भाडेकरूच्या? ते सातव्या भागात सांगितलंय, लिंक वर्णनात पहिल्याच ओळीला आहे.' यूट्यूबवर शेवटच्या ५ ते २० सेकंदांत एंड स्क्रीन, म्हणजे पुढच्या व्हिडिओची चौकट, लावता येते. तिथे 'नवीन व्हिडिओ' न ठेवता नेमका तो सातवा भाग निवडून ठेवा.

आवाजाबद्दल थोडक्यात, कारण त्यावर माहितीची कमी नाही. घरात रेकॉर्ड करणार असाल तर डायनॅमिक माइक घ्या. कंडेन्सर माइक शेजारच्या कुकरची शिट्टीही इमानाने टिपतो. तोंडापासून चार बोटं अंतर, थोडा तिरका. पंखा बंद. बोलण्याची उंच टोकं उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये. शेवटी ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये लाउडनेस नॉर्मलायझेशन लावून पातळी उणे १६ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) करा, ॲपल तीच सुचवतं. मोनो फाइल असेल तर 'मोनो ॲज ड्युअल मोनो' अशा अर्थाची खूण तिथे असते, ती राहू द्या. ती काढलीत तर मोनोसाठी आकडा उणे १९ धरावा लागतो. पातळी कमी राहिली की लोकलमध्ये किंवा बाइकच्या हेल्मेटमध्ये ऐकणारा आवाज पूर्ण वाढवूनही शब्द चुकवतो. तुमचा आणि पाहुण्याचा आवाज वेगवेगळ्या पातळीवर असेल तर तो आणखी लवकर सोडून देतो. फाइल बोलण्यापुरती ६४ केबीपीएस मोनो पुरते : २५ मिनिटांचा भाग १२ एमबीत बसतो.

व्हॉट्सॲप हीच आपली पेठ

मराठी पॉडकास्ट एका हातातून दुसऱ्या हातात जातो तो व्हॉट्सॲपवरून. पण 'नवीन भाग आलाय, नक्की ऐका' आणि खाली लिंक, हा निरोप कुणी उघडत नाही. वाचणाऱ्याला लिंक न उघडताच काहीतरी मिळालं पाहिजे. उदाहरणार्थ :

'फ्लॅट भाड्याने दिल्यावर सोसायटी सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस घेऊ शकत नाही. आई-वडील किंवा मुलं राहत असतील तर तेही नाहीत. पत्राचा मसुदा १४ व्या मिनिटाला आहे.'

आणि लिंक थेट चौदाव्या मिनिटाची. यूट्यूबच्या शेअर खिडकीत 'स्टार्ट ॲट' वर खूण करून वेळ टाकली की तशी लिंक मिळते. असा निरोप सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी टाकतोच, कारण तो टाकल्याने त्याचा स्वतःचा मुद्दा सिद्ध होतो. भाग आखतानाच विचारायचा प्रश्न हा : हा भाग कोण, कुणाला, कशासाठी पाठवेल? मालक कमिटीला पाठवेल, सेक्रेटरी थकबाकीदाराला पाठवेल, सून सासऱ्यांना पाठवेल. पाठवणारा आणि घेणारा डोळ्यांसमोर येत नसेल तर भागाचा कोन बदला.

'सगळ्या ग्रुपवर पाठवा' असं सांगू नका. साधा निरोप एका वेळी पाच चॅटना पाठवता येतो आणि बऱ्याच वेळा फिरलेला निरोप एका वेळी एकालाच. शिवाय सगळ्यांना पाठवलेलं कुणीच वाचत नाही. 'तुमच्या सोसायटीच्या खजिनदाराला पाठवा' म्हटलं की एक नेमका माणूस आठवतो.

तुमची स्वतःची यादी कशावर ठेवायची? ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जण बसतात, पण ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्याला निरोप पोचतच नाही, आणि हे पाठवणाऱ्याला कळतही नाही. ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात आणि दुसऱ्या दिवसापासून सुप्रभात सुरू होतं. सप्टेंबर २०२३ पासून भारतात चॅनलची सोय आहे. तिथे नंबर झाकलेले राहतात, संख्येची अडचण नाही, पण चॅनल वेगळ्या टॅबमध्ये असल्याने लोक विसरतात. माझा कल असा : पहिल्या शंभर-दीडशे श्रोत्यांसाठी ब्रॉडकास्ट, ज्यांनी प्रश्न विचारला त्या प्रत्येकाला 'नंबर सेव्ह करा' सांगून. हे लोक उत्तरं पाठवतात, आणि ती उत्तरं पुढच्या भागांचा कच्चा माल असतात. त्यापुढे चॅनल.

काही लोक लिंक उघडणारच नाहीत, फाइलच मागतील. त्यांच्यासाठी तीन मिनिटांचा तुकडा एमपीथ्री करून द्या, जेमतेम दीड एमबी होतो. मात्र त्या तुकड्याच्या सुरुवातीला आणि शेवटी कार्यक्रमाचं नाव बोललेलं असू द्या, कारण चार फॉरवर्डनंतर फाइलचं नाव आणि तुमचा निरोप दोन्ही गळून गेलेले असतात.

शॉर्ट्स आणि रील्सबद्दल माझी अपेक्षा माफक आहे. ऑक्टोबर २०२४ पासून यूट्यूब शॉर्ट्स तीन मिनिटांपर्यंत चालतात, ही सोय झाली. पण मार्च २०२५ च्या अखेरीपासून शॉर्ट नुसता सुरू झाला तरी त्याचा व्ह्यू मोजला जातो, त्यामुळे त्या आकड्याने हुरळून जाऊ नये. आणि शॉर्टच्या वर्णनातली लिंक दाबता येत नाही. तिथून मोठ्या भागाकडे नेणारी खरी वाट म्हणजे यूट्यूब स्टुडिओतलं 'रिलेटेड व्हिडिओ' हा रकाना. तो रिकामा ठेवला तर शॉर्ट कितीही चालला तरी प्रेक्षक तिथल्या तिथे पुढे सरकतो. तुकड्यावर मजकूर टाकताना जोडाक्षरं तपासा. ॲडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये 'वर्ल्ड-रेडी' कंपोझर निवडला नाही तर पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते आणि 'स्थिती'ची वाट लागते.

दुसऱ्यांच्या कार्यक्रमात जाणं हा मात्र खात्रीचा मार्ग आहे, कारण तिथले लोक आधीपासूनच ऐकणारे असतात. त्यांना पॉडकास्ट म्हणजे काय हे समजावायचं नसतं. कार्यक्रम निवडताना त्याचा आकडा पाहू नका, त्याचा श्रोता पाहा. सोसायटीच्या पॉडकास्टसाठी विनोदी गप्पांच्या मोठ्या कार्यक्रमापेक्षा घरखरेदी किंवा निवृत्तीच्या आर्थिक नियोजनावरचा लहान कार्यक्रम बरा. जाताना तीन तयार किस्से, दोन आकडे आणि एकच भाग सुचवायचा : 'आमचा पॉडकास्ट ऐका' नव्हे, तर 'गळतीचा खर्च कुणी द्यायचा हा आमचा भाग ऐका'. पाहुणे म्हणून जमत नसेल तर चाळीस सेकंदांच्या जाहिरातीची अदलाबदल करा, यजमानाच्याच आवाजात. पॉडकास्टबाहेरही दारं आहेत. जिल्हा हाउसिंग फेडरेशनची प्रशिक्षणं, विषय ग्रामीण असेल तर म्हसवडच्या माणदेशी तरंगसारखी सामुदायिक रेडिओ केंद्रं. तिथे क्यूआर कोड लावायचा तर तो एकाच ॲपचा नको. सगळ्या ॲपच्या लिंका असलेल्या साध्या पानाचा हवा.

परदेशातल्या मराठी माणसाला ओढून-ताणून आणू नका, पण या विषयात तो आपसूक येतो. न्यू जर्सीत राहणाऱ्या आणि पुण्यातला फ्लॅट भाड्याने दिलेल्या मालकाला वरचा भाग कमिटीतल्या माणसाइतकाच लागू आहे. भाग भारतात सकाळी सहाला प्रसिद्ध केला की न्यू यॉर्कला आदल्या संध्याकाळचे साडेसात किंवा, उन्हाळी वेळेत, साडेआठ वाजलेले असतात. एकाच वेळेत इकडचा सकाळचा प्रवास आणि तिकडची जेवणानंतरची आवराआवर दोन्ही साधतात.

आकडे कसे वाचायचे

डाउनलोड म्हणजे ऐकणं नव्हे. आयएबी या डिजिटल जाहिरात क्षेत्राच्या संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे किमान एका मिनिटाएवढी फाइल उतरली की डाउनलोड धरलं जातं, आणि २४ तासांत एकाच आयपी पत्त्यावरून, एकाच प्रकारच्या ॲपने आलेल्या मागण्या एकच मोजल्या जातात. म्हणजे फॉलो करणाऱ्याच्या फोनने न ऐकताच उतरवून ठेवलेला भागही यात येतो, आणि उलट एकाच मोबाइल कंपनीच्या सामायिक पत्त्यामागचे अनेक जण एकच ठरू शकतात. सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोनच्या आयओएस १७ ने आपोआप उतरवण्याची पद्धत बदलली तेव्हा कित्येकांचे डाउनलोड घसरले, पण ऐकणारे तेवढेच होते. या आकड्याचा उपयोग एवढाच : प्रत्येक भागाचा पहिल्या सात दिवसांचा आकडा लिहून ठेवायचा आणि मागच्या पाच भागांशी ताडून पाहायचा.

त्याहून मोलाचे आकडे दुसरीकडे आहेत. ॲपल 'एंगेज्ड लिसनर' त्याला म्हणतं ज्याने एका भागाची किमान २० मिनिटं किंवा ४० टक्के भाग ऐकला. यूट्यूब स्टुडिओत नवे प्रेक्षक आणि परतणारे (अधूनमधून येणारे 'कॅज्युअल' आणि नेहमीचे 'रेग्युलर') वेगळे दिसतात. परतणाऱ्यांची रेघ हळूहळू चढत असेल तर बाकीचं सोडा, तुमचं बरोबर चाललं आहे. नव्यांची रेघ उसळते आणि परतणाऱ्यांची सपाट राहते, तेव्हा एखादा भाग चालला पण त्याच्यापुढे त्याला साजेसा दुसरा भाग नव्हता.

श्रोता टिकण्याचा आलेख मात्र निवांत बसून पाहा. पहिल्या अर्ध्या मिनिटात कडा कोसळावा तशी रेघ पडली तर शीर्षकात जे सांगितलं ते सुरुवातीला आलं नाही. एक ते तीन मिनिटांच्या मध्ये पडली तर परिचय लांबला. मध्येच पायरी दिसली तर तिथे जाहिरात आहे, किंवा पाहुणा विषय सोडून भटकला आहे आणि तुम्ही कात्री चालवली नाही. संथ उतार सगळ्यांचाच असतो, त्याची चिंता नको. आणि रेघ कुठे वर उचललेली दिसली तर लोक तो भाग मागे नेऊन पुन्हा ऐकत आहेत. वरच्या उदाहरणात ती जागा पत्राच्या मसुद्याची असेल. शॉर्ट तिथूनच काढा, आणि तो मसुदा लेखी स्वरूपात वर्णनात द्या.

पैशाचं थोडक्यात. यूट्यूबच्या जाहिरातींच्या उत्पन्नासाठी १,००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत ४,००० तास पाहिलं जाणं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यू लागतात. अरुंद विषयाच्या कार्यक्रमाला त्याआधीच प्रायोजक मिळू शकतो : लिफ्टची देखभाल करणारा, वॉटरप्रूफिंगचा ठेकेदार, सोसायटीचे हिशेब लिहिणारा. त्यांना लाख लोक नको असतात, तीनशे सेक्रेटरी हवे असतात. प्रायोजकत्व घेतलं तर 'ही जाहिरात आहे' असं बोलून सांगा. जाहिरात मानक परिषदेची तशी अपेक्षा आहे आणि श्रोत्याचा विश्वासही त्यावरच टिकतो. 'हमखास दहा हजार प्ले' विकणाऱ्यांच्या नादी लागू नका. ते प्ले दुसरा भाग ऐकत नाहीत, आणि तुमचे सगळे आलेख कायमचे नासवून जातात.

होस्टिंग बदलायची वेळ आली तर जुन्या फीडवरून नव्याकडे ३०१ प्रकारचं रीडायरेक्ट (कायमचा पत्ताबदल) लावून ते निदान चार आठवडे चालू ठेवा, आणि प्रत्येक भागाचा जीयूआयडी हा ओळखक्रमांक तोच राहतोय याची लेखी खात्री करून घ्या. तो बदलला तर श्रोत्यांच्या ॲपमध्ये सगळे जुने भाग नवे म्हणून पुन्हा येऊन पडतात, आणि वैतागून लोक अनफॉलो करतात.

नवा श्रोता शोधातून येतो तेव्हा तो बहुतेक वेळा जुन्याच भागावर येतो, म्हणून जुने भाग ताजे ठेवणं हे नव्या भागाइतकंच महत्त्वाचं काम आहे. नियम बदलले, दर बदलले, की तो भाग मोडीत काढू नका. सुरुवातीला वीस सेकंदांची दुरुस्ती रेकॉर्ड करून, जीयूआयडी न बदलता फाइल बदला, आणि वर्णनाच्या पहिल्या ओळीत दुरुस्तीची तारीख लिहा. यूट्यूबवर चढवलेली फाइल बदलता येत नाही. तिथे दुरुस्ती पिन केलेल्या कमेंटमध्ये आणि वर्णनात टाका, आणि बदल मोठा असेल तर नवा भाग करून जुन्याच्या एंड स्क्रीनवर तो लावा. वर्षातून दोनदा, एकदा एप्रिलमध्ये आणि एकदा एजीएमच्या हंगामाआधी जूनमध्ये, सर्वाधिक ऐकले गेलेले दहा भाग पुन्हा ऐका आणि प्रत्येकाच्या वर्णनातली 'पुढचा भाग' ही लिंक अजून बरोबर ठिकाणी जाते का, ते दाबून पाहा.